आठवा गडी : मैदानावरच्या फळ्याविषयी

पत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘विषय : धावफलक’ असं छापलंय. परवा एका जुन्या मित्रानं ती पत्रिका हातात घेतली आणि मला विचारलं, ‘काय वो सर, आपल्या साखऱ्यात धावतंय कोण? आपल्याकडं तर कबड्डी.’ त्याचं बरोबर आहे. धावफलक हा शब्द क्रिकेटचा. धावा क्रिकेटमध्ये असतात, कबड्डीत गुण असतात, खो-खोमध्ये गुणांसोबत मिनिटं असतात आणि कुस्तीत, म्हणजे आपल्या जत्रेतल्या कुस्तीत, यातलं काहीच नसतं. काही वर्तमानपत्रं ‘गुणफलक’ लिहितात. पण मैदानावर उभं राहून ‘गुणफलकाकडे पहा’ असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. पोरं ‘बोर्ड बघ’ म्हणतात. गुरुजी ‘फळा’ म्हणायचे. मीही आज फळाच म्हणेन.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचं नाव तुमच्या हातातल्या पत्रिकेवर आहे. ते मी पुन:पुन्हा घेणार नाही. स्वत:चं नाव कर्ण्यावरून ऐकायला त्यांना कधी आवडलं नाही. सामन्यात ते टेबलाशी बसत, मान खाली घालून पत्रक भरत. त्यांच्या पाठीमागं एक फळा असे आणि फळ्यापाशी एक पोरगं. मी नववीत असताना काही महिने ते पोरगं होतो. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला झाला, त्याच्या फार आधीची ही गोष्ट.

आधी एक सोपा प्रश्न विचारतो. फळा लागतो कशाला?

आपले बरेच जुने खेळ फळ्यावाचूनच चालत. जत्रेतल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला. तो कुणी लिहायचा नसतो, हलगीच सांगते. औरंगाबादला १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी झाली, दिनकर दह्यारी तिचे पहिले मानकरी. त्यानंतर कुस्ती हळूहळू गादीवर गेली, तिथं गुण आले आणि गुणांसोबत फळा आला. आता दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही फ्रीस्टाइलची कुस्ती संपते. जत्रेला सरावलेला म्हातारा माणूस अशा वेळी शेजाऱ्याला विचारतो, ‘कामून थांबली रे?’ मातीवर जे डोळ्यांना दिसत होतं ते गादीवर वाचावं लागतं.

कबड्डीचं तर यापेक्षा मजेशीर आहे. पूर्वी तिचे तीन प्रकार खेळले जात : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर गेला तो गेला. सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नाही. म्हणजे कोण पुढं, कोण मागं हे बघायला मैदानात उभी असलेली माणसं मोजली की झालं. इकडं पाच, तिकडं दोन. मैदान हाच फळा. अमरमध्ये उलटं. गडी बाद झाला तरी बाहेर जातच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. मैदानात शेवटपर्यंत सात विरुद्ध सात. उशिरा आलेल्या माणसाला नुसतं बघून काहीच कळणार नाही. अमरला वही लागते, फळा लागतो. आज आपण खेळतो ती संजीवनी. तिच्यात गडी बाहेर जातो आणि आपल्या संघानं समोरचा गडी टिपला की परत आत येतो, शिवाय गुणही मांडले जातात. मैदान थोडं सांगतं, बाकीचं फळा सांगतो, आणि या दोन सांगण्यांत फरक पडू शकतो. तीन माणसं उरलेला संघ दहा गुणांनी पुढं असू शकतो.

विटीदांडूत हिशेब तोंडी असायचा. दांडूनं अंतर मोजताना आपण काय म्हणायचो आठवतं? वकट, लेंड, मूंड, नाल. लहानपणी मला ते निव्वळ पोरांचे निरर्थक शब्द वाटत. मग नांदेडला एका तेलुगू कुटुंबाच्या शेजारी राहायची वेळ आली आणि त्यांचं लेकरू पायऱ्या मोजताना ऐकलं : ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आपण निजामाच्या राज्यात होतो म्हणून आपल्याकडं तेलुगू आली असं कुणाला वाटेल, पण वकट-लेंड पुण्यातही म्हणतात आणि कोकणातही. खेळ मराठी मातीतला, मोजणी शेजाऱ्याची. असो. ते आकडे हवेत विरायचे. ‘मूंड झालं होतं’, ‘नाही, नाल झालं होतं’ यावरून डोकी फुटायची, कारण कुठं लिहिलेलं नसायचं.

तर मोजणी मैदानातून निघून माणसांच्या डोक्यात गेली, की भांडण सुरू होतं, आणि ती डोक्यातून काढून सगळ्यांना दिसेल अशा जागी टांगावी लागते. आपल्या गावात किती हिशेब असे टांगलेले असतात बघा. दुकानदाराची वही आपल्याला उलटी दिसते, कारण तो पलीकडं बसलेला असतो. सातबारा मागून घ्यावा लागतो. हजार माणसं एकाच क्षणी वाचतात आणि लिहिणाऱ्याला तिथल्या तिथं ‘चुकलं’ म्हणून ओरडू शकतात, असा हिशेब मला तरी मैदानावरच्या फळ्याखेरीज दुसरा आठवत नाही.

आता गुरुजींच्या फळ्याकडं येतो. माझ्या मते ते आपल्या गावातलं एक उत्तम यंत्र होतं.

आधी खडूचा काळा फळा होता. त्याच्या दोन अडचणी. पुसून लिहिताना मधला काही क्षण फळा कोरा राहतो आणि नेमका तेव्हाच सगळे बघतात. दुसरं, घाईत लिहिलेले मराठी एक आणि नऊ लांबून सारखेच. एकाचं शेपूट डावीकडं गेलं की उजवीकडं, हे वीस पावलांवरून कुणाला दिसणार? एका सामन्यात अकराचे एकोणीस वाचले गेले आणि पाहुण्या संघाचे मार्गदर्शक टेबलापर्यंत चालून आले. त्यानंतर गुरुजींनी किराणा दुकानातून गोड्या तेलाचे पंधरा किलोचे पाच रिकामे डबे आणले.

पाचच का, हे त्यांनी आम्हाला गणिताच्या तासाला विचारलं होतं. कबड्डीत दोन संघ, प्रत्येकाला दोन घरं, म्हणजे एकूण चार घरं. कोणत्याही घरात शून्य ते नऊपैकी काहीही येऊ शकतं. चारही घरांत एकाच वेळी तोच आकडा येऊ शकतो, उदाहरणार्थ बावीस-बावीस. म्हणून प्रत्येक आकडा चार वेळा हवा. दहा आकडे, चार वेळा, चाळीस पत्रे. आमच्यातला एक हुशार पोरगा म्हणाला, ‘गुरुजी, इंग्रजी आकडे काढू. सहा उलटा टांगला की नऊ होतो. छत्तीसात भागतं.’ गुरुजींनी त्याला शाबासकी दिली आणि म्हणाले, ‘आकडे मराठीच काढायचे. आणि छत्तीस नाही, वीसात भागवायचं.’ पत्र्याला दोन बाजू असतात, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. एका बाजूला एक आकडा, मागच्या बाजूला दुसरा. एका घरात एकाच वेळी एकच आकडा लागतो, त्यामुळं पाठीला पाठ लावलेले दोन आकडे एकमेकांच्या आड येत नाहीत. दहा आकड्यांच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीचे चार पत्रे : वीस. आणि तेलाच्या डब्याला उभ्या बाजू चार. पाच डबे, वीस पत्रे. वर-खालची झाकणं उरली, ती भंगारात गेली.

जोड्या कोणत्या लावल्या, त्यात त्यांची खरी कमाल होती. शून्य-एक, दोन-तीन, चार-पाच, सहा-सात, आठ-नऊ. कबड्डीत गुण बहुतेक वेळा एकेकानं वाढतो. दोनाचे तीन करायचे असतील तर पत्रा काढायचा नाही, दुसरा शोधायचा नाही, खिळ्यावरच फिरवायचा. निम्म्या वेळा काम नुसत्या मनगटावर. पुढं शहरात मी लोखंडी चौकटीतले, पुस्तकासारखी पानं उलटायचे तयार फळे पाहिले. तेही चांगले असतात. पण पान उलटताना नऊवरून शून्यावर यायला सगळं पुस्तक मागं फिरवावं लागतं. आमच्या फळ्यावर एक पत्रा काढून दुसरा टांगला की झालं.

पत्रा नऊएक इंच रुंद आणि चौदा इंच उंच भरायचा. कडा दुमडून ठोकल्या तरी बोटं कापायचीच. काळा ऑइल पेंट, त्यावर पांढरा आकडा, उंची बरोबर एक फूट. हा आकडा किती लांबून दिसेल याचं गणित मी शिक्षक झाल्यावर केलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडं तक्ता असतो ना, त्याची जी ओळ निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून वाचता यायला हवी, तिची अक्षरं पावणेनऊ मिलिमीटर उंच असतात. त्या हिशेबानं एक फुटाचा आकडा दोनशे मीटरवरून ओळखता यावा. पण वाचता येणं वेगळं आणि चढाई बघता बघता सहज नजर टाकून कळणं वेगळं. तिसरा हिस्सा धरला तरी सत्तर मीटर होतात. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. लिंबावर चढून बसलेल्या पोरांनासुद्धा आमचा फळा दिसायचा.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या मैदानावर १९११ सालचा फळा अजून हातानं चालवतात. कित्येक मजली घरासारखा आहे म्हणे, आत माणसं उभी राहून पट्ट्या फिरवतात आणि जवळच विजेचे भले मोठे पडदे असूनही तो त्यांनी काढलेला नाही. आम्हाला तेव्हा हे ठाऊक असतं तर आम्ही गुरुजींकडून आणखी दोन मजले मागितले असते.

आता माझी चूक सांगतो. चाळीसेक वर्षं झाली, सांगायला हरकत नाही.

शाळांचा तालुक्याचा सामना होता. कोणत्या शाळेशी, ते जाऊ द्या. उत्तरार्धात आमचा सगळा संघ बाद झाला, लोण चढला. लोणाचे दोन गुण अर्थातच त्यांचे. मी ते आमच्या खिळ्यावर चढवले. कसं झालं ते आजही सांगता येत नाही. लोण झाला म्हणून मी रडकुंडीला आलो होतो एवढं आठवतं. दोन गुण इकडचे तिकडं गेले की फरक चाराचा पडतो, दोनाचा नाही. ते ओरडले, पण मैदानात सगळेच ओरडत असतात. गुरुजींची पाठ फळ्याकडं, मान पत्रकात. सामना संपत आला तेव्हा फळ्यावर आम्ही सत्तावीस, ते सव्वीस. खरं म्हणजे आम्ही पंचवीस आणि ते अठ्ठावीस.

शेवटची चढाई आमची. आमचा गडी दांडगा होता, एका चढाईत तीन गडी टिपलेला मी त्याला पाहिलेला आहे. त्यानं फळ्याकडं बघितलं. एकानं पुढं आहोत म्हटल्यावर कुणाला हात लावायची गरज काय? निदान रेषा ओलांडली, दम घुमवत राहिला आणि रिकामा परत आला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग गुरुजी पत्रक घेऊन उठले.

फळा आणि पत्रक यांत फरक पडला तर पत्रक खरं. नियम सगळीकडं तोच आहे. पण त्या पोरानं पत्रक बघून चढाई केली नव्हती. तो माझा फळा खेळला होता. सात गडी मैदानात असतात, आठवा खिळ्याला टांगलेला असतो, आणि त्या दिवशी आमचा आठवा गडी समोरच्या संघाकडून खेळला.

बरीच वर्षं मला वाटायचं, असा गाढवपणा साखऱ्यातच होऊ शकतो. मग ३ मार्च २००३ आला. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला विश्वचषकाचा सामना, यजमान विरुद्ध श्रीलंका. श्रीलंकेच्या २६८ धावा. पाऊस येणार हे दिसत होतं. पाऊस आला तर डकवर्थ-लुईसच्या तक्त्याप्रमाणं किती धावा हव्यात, याचा कागद दक्षिण आफ्रिकेच्या हातात होता. ४५ षटकांना २२९. त्यांना वाटलं २२९ म्हणजे विजय. मार्क बाउचरनं मुरलीधरनला षटकार मारला, धावा २२९ झाल्या आणि पुढचा चेंडू त्यानं शांतपणे अडवला. पाऊस आला, खेळ थांबला. २२९ हा बरोबरीचा आकडा होता. जिंकायला आणखी एक धाव लागत होती. यजमान देश स्पर्धेबाहेर गेला. आमच्या गड्यासारखीच बाउचरनं रिकामी चढाई केली होती. फरक एवढाच की तिथं आकडा बरोबर होता, वाचणारे चुकले.

त्याच संघाच्या नशिबी १९९२ सालीही आकडाच आला होता. सिडनीला उपांत्य सामन्यात पाऊस पडण्यापूर्वी त्यांना १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा मैदानावरच्या फळ्यावर झळकलं : एका चेंडूत २२. ते चित्र जगभर छापलं गेलं. प्रत्यक्षात हव्या होत्या २१. म्हणजे इतिहासातला सगळ्यांत प्रसिद्ध फळासुद्धा एका धावेनं चुकलेला होता. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आमच्या त्या तालुक्याच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला मारलं नाही. त्यांनी नियम केला. टेबलावरून ते मोठ्यानं सांगणार, ‘अमक्याला एक’. फळ्यावरच्या पोरानं पत्रा फिरवून मोठ्यानं उत्तर द्यायचं, ‘लावला’. उत्तर आल्याशिवाय ते पुढची नोंद करणार नाहीत. नंतर क्रिकेटची नियमावली हातात आली तेव्हा बघितलं, तिथं हेच लिहिलंय. पंचानं चौकाराची, वाइडची, कसलीही खूण केली की गुणलेखकानं पोच द्यायची, आणि प्रत्येक खुणेची पोच आल्याशिवाय पंचानं खेळ पुढं जाऊ द्यायचा नाही. पन्नास हजार माणसं आणि कोट्यवधींच्या जाहिराती एका कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या पोचेची वाट बघतात.

कबड्डीत तर एक गुणलेखक आणि दोन सहायक असतात. सहायकांचं काम फळ्यावर कधीच दिसत नाही. गडी ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं परत आत यायला हवेत, तो क्रम ते लिहितात. सगळ्यांत दांडगा चढाईवीर रांगेत तिसरा असेल तर दोन गडी टिपूनही तो बाहेरच. फळा सांगतो अठरा-सोळा. हा माणूस कधी आत येणार ते सहायकाच्या कागदावर असतं, आणि सामना कित्येकदा त्या कागदावर फिरतो.

आता विजेच्या फळ्यांकडं. इथं बसलेल्या बहुतेकांना ते कसे चालतात हे आधीच माहीत आहे, फक्त माहीत आहे हे माहीत नाही. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन गेलेला प्रत्येक माणूस इलेक्ट्रॉनिक काट्यापुढं श्वास रोखून उभा राहिलेला आहे. त्या लाल आकड्यांची रचना आठवा. सात दांड्या : वर एक, मध्ये एक, खाली एक, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या. कोणत्या पेटवायच्या, कोणत्या विझवायच्या यावर आकडा ठरतो. सातही पेटल्या की आठ. उजवीकडच्या दोनच पेटल्या की एक. मैदानावरचा फळा म्हणजे हाच काटा, फक्त एकेका दांडीत एका दिव्याऐवजी दिव्यांची रांग. टेबलावर बटणांची पेटी, तिच्यापासून वायरनं किंवा बिनतारी निरोप जातो, फळ्यातली छोटी चिप तो आकडा दांड्यांत फोडते. बाकी काही नाही.

बरेच काटे चालू करताना आधी सगळीकडं आठ-आठ-आठ दाखवतात, ते बघितलंत? ती शोभा नव्हे, कवायत आहे. आठात सातही दांड्या लागतात, त्यामुळं एखादी मेलेली असेल तर तिथंच कळतं. आणि कळायलाच हवं. मधली दांडी मेली तर आठाचं शून्य दिसतं. वरची उजवी मेली तर सहा. खालची डावी मेली तर नऊ. खडूचा आकडा पुसट झाला की पुसट दिसतो, शंका येते. मेलेल्या दांडीचा आठ मात्र स्वच्छ, ठसठशीत शून्य होऊन समोर येतो. हळदीच्या पोत्याजवळ उभं असताना हे लक्षात ठेवा.

या सात दांड्यांत मराठी आकडे बसत नाहीत. शून्य बसतं, दोन, तीन ओढूनताणून. पाच, आठ, नऊ कसे काढणार? आपला नऊ काढायला गोलाई आणि शेपूट लागतं, आणि दांड्या सरळ. गुरुजींचा मराठीचा हट्ट या यंत्रानं विनातक्रार मोडला. कुणी ठरवून मोडला नाही. ज्यानं दांड्या सात ठरवल्या, त्याच्यापुढं आपले आकडे नव्हतेच.

पण आता त्यावरही उपाय आलाय, आणि तो आपल्या देवळावर, औषधाच्या दुकानावर रोज रात्री सरकत असतो. लाल ठिपक्यांची अक्षरं सरकणारी ती पाटी. तिच्या एका तुकड्याला पी-टेन म्हणतात. दहा म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, दहा मिलिमीटर. आडवे ३२, उभे १६, असे ५१२ दिवे. तुकडा ३२ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर उंच. असे तुकडे हवे तेवढे जोडायचे. ठिपक्यांनी काहीही काढता येतं, मराठी नऊसुद्धा. वीज पाच व्होल्टची, सहा-आठ तुकड्यांचा फळा एखाद-दुसऱ्या पंख्याएवढी खातो, आणि आकडे मोबाइलवरून बदलता येतात. मोबाइलनं त्याचा फोटो काढायला जा, काही वेळा आकडा तुटलेला येतो, मध्ये काळे पट्टे. कारण सगळे दिवे एका वेळी पेटलेलेच नसतात. थोड्या ओळी पेटतात, विझतात, मग पुढच्या. हे इतक्या भरभर चालतं की डोळ्याला सलग वाटतं, कॅमेऱ्याला वाटत नाही.

दिव्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट घरांची. फळा बनवणारा माणूस किती घरं ठेवतो, त्यावरून तो किती मोठं स्वप्न बघतो ते कळतं. १८ जुलै १९७६ला माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची कसरत करून उतरली. फळ्यावर आलं : १.००. लोक गोंधळले. तिला दहापैकी दहा मिळाले होते, पण फळ्यावर दहा पूर्णांक दाखवायला घरच नव्हतं. दहापैकी दहा कुणाला मिळणारच नाहीत, असं आधी ठरलेलं होतं.

आपल्याकडं घर होतं, पण दार लावून घेतलं. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, रणजी सामना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. संघाच्या ४ बाद ८२६ आणि एकट्या निंबाळकरांच्या नाबाद ४४३. ब्रॅडमनचा विश्वविक्रम तेव्हा नाबाद ४५२. अवघ्या दहा धावा, दोन-तीन चौकारांचं काम. विश्रांतीला खेळ थांबला आणि काठेवाडच्या संघानं पुढं खेळायला नकार दिला. राजकोटचे ठाकोरसाहेब त्यांचे कर्णधार. विक्रमाच्या पुस्तकात कायमचं आपल्या संघाचं नाव नको, असं त्यांच्या मनात होतं म्हणतात. सामना सोडून दिला, हरले, निघून गेले. निंबाळकरांना पुढं भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ साली ते कोल्हापुरात वारले तेव्हाही त्यांच्या नावापुढं ४४३च होते. मला त्या दिवशीच्या पुण्याच्या फळ्यावरच्या पोराचं वाटतं. त्यानं पुढचा आकडा हातात तयार ठेवला असेल.

जानेवारी २०१६मध्ये कल्याणला प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलानं एका डावात नाबाद १००९ केल्या. एका माणसाच्या धावांना चार घरं लागली. आमच्या फळ्याची चारही घरं त्यातच संपली असती.

खो-खोचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही, पण वेळ बघतो आहे. आपल्या वर्तमानपत्रांत खो-खोचा निकाल कसा छापतात? खेळाडूच्या नावापुढं कंसात मिनिटं : इतकी मिनिटं संरक्षण, इतके गडी. जो पळाला, टिकला, त्याचं कौतुक सेकंदांत मोजलेलं. हे मला फार सुंदर वाटतं. बचावाचा इतका बारीक हिशेब ठेवणारा खेळ मला दुसरा ठाऊक नाही. पण फळ्यावर गुण फक्त मारणाऱ्याचे चढायचे. टिकणाऱ्याची मिनिटं कागदात राहायची. आता नव्या पद्धतीत गडी बाद केल्याला एकाहून अधिक गुण आहेत आणि तुकडी ठराविक वेळेच्या पलीकडं टिकली तर बचावालाही गुण मिळतात. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी ५४-३६ असं. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. जुन्या पिढीतले काही लोक म्हणाले, हे आकडे खो-खोचे वाटतच नाहीत, बास्केटबॉलचे वाटतात. खरं आहे. पण टिकून राहण्याचा गुण फळ्यावर चढला, याचं मला बरं वाटलं. फळ्यावर जे चढतं त्याचाच सराव पोरं करतात. व्हॉलीबॉलमध्ये पूर्वी सर्व्हिस हातात असेल तरच गुण मिळे. तो नियम बदलला आणि सर्व्हिस करणाऱ्या पोरांची जोखीम घ्यायची पद्धतच बदलली, हे मी माझ्याच शाळेच्या मैदानावर पाहिलंय.

आता मंचावर हे गाठोडं कशाचं, हे सगळे मघापासून बघत आहेत. गुरुजींचे पत्रे आहेत. शाळेच्या अडगळीच्या खोलीत होते, गंज चढलाय, पण आकडे शाबूत आहेत. मी मोजले. अठरा भरले. दोन नाहीत : आठ-नऊचा एक आणि चार-पाचचा एक. कुणाच्या रांजणावर झाकण म्हणून असतील, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याला लागले असतील.

आठ-नऊचा गेला त्याचं फारसं बिघडत नाही. तो पत्रा नसल्यानं चारही घरांत आठ-नऊच लागणारा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदसारखा सामना दाखवता येणार नाही, आणि आपल्या पोरांची कबड्डी काही तिथवर जात नाही. चार-पाचचा मात्र हवा आहे. त्याचे तीनच उरले आहेत. म्हणजे पंचेचाळीस-चव्वेचाळीस असा, शेवटच्या चढाईपर्यंत गेलेला, एका गुणानं सुटलेला सामना आपल्या फळ्यावर आज लावता येत नाही. घरी गेल्यावर जरा बघा. काळा पत्रा, एका बाजूला चार, मागं पाच, वर मधोमध भोक.